यादीत मराठी घालणारे गृहस्थ

संगणकाला हात लावण्यापूर्वी ते पायाखाली लाकडी पाट घेत. चपला दाराशी, पाट टेबलाखाली, मग ते खुर्चीत. दूरध्वनी खात्यात लाइनमन म्हणून त्यांची तेहतीस वर्षे खांबांवर चढण्या-उतरण्यात गेली होती. कोणत्याही तारेवर, मग ती टेबलावर निमूट पडलेली का असेना, त्यांचा विश्वास नव्हता. पाट ते घरून आणत. कापडी पिशवीत, पकडीच्या शेजारी. गुलमंडीमागच्या माझ्या घरी प्रथम आले तेव्हा पिशवीतून तो पाट निघालेला पाहून गृहस्थ जेवायला बसणार, अशी माझ्या पत्नीची समजूत झाली आणि तिने कणीक भिजवली.

ते जेवायला आले नव्हते. ते मराठीला यादीत घालायला आले होते.

कोणत्या यादीत, हे सांगणे भाग आहे. जगभरातील काही माणसे बिनपगारी एकत्र येऊन संगणकाची एक कार्यप्रणाली तयार करतात आणि फुकट वाटतात. अशा माणसांविषयी माझे मत येथे नोंदवण्याचे कारण नाही. ती प्रणाली संगणकात बसवणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला इन्स्टॉलर म्हणतात. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की पहिल्याच पडद्यावर तो विचारतो, तुमची भाषा कोणती? खाली यादी असते. तीत सत्तरेक भाषा होत्या, प्रत्येक आपापल्या लिपीत. मराठी नव्हती. ही गोष्ट मराठी माणसांपैकी जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे कोणाला दुःखही नव्हते. मराठीची बरीचशी दुःखे अशीच निभावतात.

त्यांना मात्र ठाऊक होती. खात्याच्या जुन्या तक्रार-फॉर्मांच्या पाठीवर त्यांनी ती सबंध यादी हाताने उतरवून घेतली होती आणि ती खिशात घेऊन ते हिंडत. कोठल्याशा बेटावरच्या एका भाषेखाली त्यांनी लाल रेघ ओढली होती.

“मुकुंदवाडीच्या स्टेशनावर सकाळच्या गाडीला जेवढी माणसं असत्यात, तेवढीबी त्या बेटावर नसतील, साहेब. पण त्यांचं नाव हाय. दारावरचा माणूस इचारायलाय, पावणं कोण गावचं? अन् आपलं गावच त्याच्या वहीत नाय.”

“मग इंग्रजी निवडावी. सगळे निवडतात,” मी म्हणालो.

“निवडतात नाय. दाबतात,” ते म्हणाले.

या दोन क्रियापदांतील अंतर त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. पुढे आले. त्याची किंमत दुसऱ्याने दिली.

माझ्याकडे येण्याचे कारण एक नियम होता. कामावर देखरेख ठेवणाऱ्या परदेशी बाईंनी त्यांना तीन अटी घातल्या होत्या. इन्स्टॉलरमधील सर्व वाक्ये मराठीत झाली पाहिजेत. भाषांतर करणाऱ्याखेरीज दुसऱ्या एका माणसाने ती तपासली पाहिजेत. आणि या दोघांव्यतिरिक्त तिसऱ्या माणसाने, खऱ्या संगणकावर, मराठीतून ती प्रणाली बसवून दाखवली पाहिजे. हे सगळे ठरलेल्या तारखेच्या आत. ती तारीख चुकली तर पुढची संधी दोन वर्षांनी. गृहस्थांचे वय चौऱ्याहत्तर होते आणि दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता.

“दोन वर्षांनी ह्ये अक्षर मला दिसंल का, ते डॉक्टरबी सांगंना,” त्यांनी कळवले. आवाजात तक्रार नव्हती. लाइन केव्हा सुरू होईल, असे विचारणाऱ्या ग्राहकाला उत्तर द्यावे तसा सूर होता.

दुसरा माणूस म्हणून माझी निवड झाली. मी छत्तीस वर्षे एका कचेरीत इंग्रजीचे मराठी करीत होतो. त्या मराठीचे मराठी करणारा विभाग सरकारने कधी काढला नाही, एवढीच त्रुटी राहिली. आमच्या घराण्यात चार पिढ्या लेखणीपेक्षा जड वस्तू कोणी उचलली नव्हती. असा माणूस आपल्या वाक्यांवर नजर टाकणार, याचे त्यांना दडपण येईल अशी माझी अपेक्षा होती. तसे काही झाले नाही. त्यांनी माझ्या टेबलाखाली पाट सरकवला आणि गठ्ठा पुढे केला.

त्यांची भाषांतराची पद्धत कोणत्याही कचेरीत मान्य झाली नसती. शब्दकोश ते वापरत नसत. वाक्य तयार झाले की कागदावर ठळक अक्षरांत लिहीत, खाली दोन चौकोन काढीत, एकात ‘पुढे’, दुसऱ्यात ‘मागे’, आणि मुकुंदवाडीच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसत. कोणीही दिसला की कागद पुढे करीत. गवंडी, रिक्षावाले, भाजीवाल्या, एकदा तर त्यांची पावती फाडायला आलेला वाहतूक हवालदार. माणूस वाचू लागला की ते त्याच्या तोंडाकडे बघत नसत.

“कळलं का, असं इचारायचं नाय,” त्यांनी मला बजावले. “इचारलं की माणूस व्हय म्हणतो. साहेबलोकांच्या शाळेत आपल्याला तेवढंच शिकवलंय. हात बघायचा. बोट कुठं जातंय, कुठं थांबतंय, ते बघायचं.”

‘कृपया’ या शब्दाशी त्यांचे वैर होते. मी घातलेले सगळे ‘कृपया’ त्यांनी खोडले. त्यांचे म्हणणे असे की, यंत्र हात जोडू लागले की समजावे, काहीतरी बिघडले आहे.

खरा तंटा एका वाक्यावर झाला. संगणकाच्या डिस्कवर आधीचे जे काही असेल ते मिटवून नवी प्रणाली बसवायची की जुने जपून शेजारी बसवायची, असे विचारणारा एक पडदा असतो. त्यावरचा पहिला पर्याय मिटवण्याचा. मी त्याची सूचना अशी केली होती: ‘निवडलेल्या संचयिकेतील विद्यमान विदा कायमस्वरूपी निष्कासित करण्यात येईल.’ आजही मला ती निर्दोष वाटते. त्यांनी ती उतरवून घेतली आणि चहाच्या गाड्यावर नेली. दुसऱ्या दिवशी आले.

“नऊ माणसांना दावलं.”

“मग?”

“नऊच्या नऊ जणांनी पुढं दाबलं. एकानं तर इचारलं, पैसे कधी जमा व्हणार?”

त्यांचे वाक्य असे होते: ‘या डिस्कवर जे काही आहे ते सगळे पुसले जाईल. परत मिळणार नाही.’ त्यावर नवांपैकी सात जणांचे बोट मध्येच थांबले होते. आठवा निरक्षर निघाला आणि नववा हवालदार होता. मी आठवडाभर विरोध केला, तत्त्वासाठी. मग सही केली.

राहिला तिसरा माणूस. येथे माझा हात लागला.

मुकुंदवाडीत विहाराला लागून एक वाचनालय आहे. गृहस्थ त्याचे पहिले सभासद. तेथे सुनंदाबाई ग्रंथपाल होत्या. मान फारसा नाही, कपाटे पाच, संगणक एक. त्या संगणकावर त्यांनी दोन वर्षे दुपारी बसून वाचनालयातील सगळ्या पुस्तकांची यादी टंकली होती: नाव, लेखक, कपाट, खण, कोणी कधी नेले, परत आले की नाही. संगणक जुना झाला होता, रडतखडत चालत होता. नवी प्रणाली बसवली तर चार वर्षे निघतील, असा हिशेब करून गृहस्थांनी चाचणीसाठी तोच निवडला. जुने जपून शेजारी नवे बसवायचे, असे ठरले.

“बसवायला सुनंदाच बसंल. तिला वाचता येतंय,” ते म्हणाले.

मी म्हणालो, “वाचता येणे पुरेसे नाही. अशा कामाला जाणकार माणूस लागतो.”

“जाणकाराला पडदा कशाला लागतोय?”

“मी तपासनीस आहे. जाणकार नसेल तर मी सही मागे घेतो.”

त्यांनी पाट पिशवीत घातला. चूक माझी होती. एवढे वाक्य पुरे.

जाणकार मीच आणला. गुलमंडीत कापडाच्या दुकानावरच्या माडीवर त्याचे संगणकदुरुस्तीचे दुकान होते. वय पन्नाशीच्या आसपास, वीस वर्षांचा अनुभव. शहरातील अर्ध्या संगणकांत त्याचे बोट फिरले असेल. त्याला इंग्रजी येत नव्हते, पण इंग्रजी इन्स्टॉलर मात्र तोंडपाठ होता. एंटर, एंटर, खाली बाण, एंटर, मग चहा, मग एंटर. पडद्यावर काय लिहिले आहे, हे त्याने वीस वर्षांत एकदाही वाचले नव्हते, कारण ते वाचण्यासाठी लिहिले आहे अशी शंकाच त्याला आली नव्हती. विजेच्या खांबावरील धोक्याची पाटी आपण जशी पाहतो, तसा तो पडदा पाहत असे.

त्या सकाळी वाचनालयात आम्ही चौघे होतो. गृहस्थ पाटावर पाय ठेवून बाकावर. सुनंदाबाई जाणकाराच्या खुर्चीमागे. मी तपासनिसाला शोभेल अशा अंतरावर. मी विचारले, यादीची दुसरी प्रत काढली आहे का?

“ओ साहेब, रोजचं काम हाय,” जाणकार म्हणाला. “टेन्शन नका घेऊ. दस मिनट.”

पेनड्राइव्ह लागला. यादी आली. सगळ्यांत खाली, चाचणीपुरती चिकटवलेली, ‘मराठी’. गृहस्थ पुढे झुकले. जाणकाराने ती निवडली आणि त्यानंतर जे घडले ते इतक्या वेगाने घडले की त्याचे वर्णन मला संथपणे करावे लागते. एंटर. एंटर. मिटवण्याचा पडदा आला. सुनंदाबाई मागून मोठ्याने वाचू लागल्या.

“या डिस्कवर जे काही आहे ते सगळे… ओ दादा, थांबा की! इथं लिवलंय, सगळं पुसलं जाईल!”

“ताई, ते तसं लिवलेलंच असतंय,” जाणकार म्हणाला आणि एंटर दाबला.

दोन वर्षांच्या सगळ्या दुपारी पुसायला संगणकाला किती वेळ लागला, ते मी पाहिले नाही. मी सुनंदाबाईंकडे पाहत होतो. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी कपाटाकडे पाहिले, मग परत पडद्याकडे, आणि म्हणाल्या, “मी वाचलं होतं.”

जाणकाराने पुढे दोन तास नाना उपाय केले. काहीही परत आले नाही. वाक्यात तसे स्पष्ट लिहिलेच होते.

संध्याकाळी अहवाल भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: चाचणीत माहितीचे नुकसान झाले काय? होय किंवा नाही. त्याखाली तपशिलासाठी रकाना. मुदतीला अकरा दिवस उरले होते. ‘होय’ लिहिले तर मराठी थांबणार, हे उघड होते. अर्ज कसे भरावेत, याविषयी मला थोडे ज्ञान आहे.

“नुकसान भाषेमुळे झाले नाही,” मी म्हणालो. “माणसाने न वाचता दाबले. त्यामुळे ‘नाही’ हे उत्तर नियमाला धरून होईल.”

“साहेब, छत्तीस वर्षं तुम्ही ह्येच केलं का?”

“मी वस्तुस्थिती सांगतो आहे.”

“वस्तुस्थिती अशी हाय की तार तुटली का, एवढंच इचारलंय. तुटली. कावळ्यानं तोडली का पतंगानं, ते खालच्या रकान्यात.” त्यांनी नाक कागदाला टेकेल इतके जवळ नेले आणि जुन्या तक्रार-फॉर्मच्या पाठीवर आपला मसुदा लिहिला. “अन् सुनंदाला काय सांगू? तुझं काय गेलंच नाय म्हणून?”

त्यांनी ‘होय’ लिहिले. मी त्याचे इंग्रजी केले. माझ्या आयुष्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत महाग भाषांतर ते होते.

आठ दिवसांनी बाईंचे उत्तर आले. प्रामाणिकपणाबद्दल आभार. मराठी तूर्त थांबवण्यात आली आहे. मुदतीच्या आत, प्रत्येक पडदा वाचून काम करणाऱ्या माणसाकडून दुसरी चाचणी पूर्ण झाली तर विचार करता येईल. मिटवण्याच्या सूचनेपाशी वापरणारा थांबला की नाही, ते स्पष्ट नमूद करावे. मुदतीला तीन दिवस उरले होते.

मधल्या काळात जाणकार रोज वाचनालयात येत होता. त्याला कोणी बोलावले नव्हते. त्याने पंखा दुरुस्त केला, दोन ट्यूबा बदलल्या, कुरकुरणाऱ्या कपाटाला तेल दिले. सुनंदाबाई त्याच्याशी बोलत नसत. नोंदवही समोर ठेवून त्या मोठ्या कागदांवर यादी पुन्हा पहिल्या पुस्तकापासून लिहीत होत्या.

दुसऱ्या चाचणीला त्याच संगणकापुढे सुनंदाबाई बसल्या. डिस्क कोरी होती. पुसण्यासारखे काही नव्हते. त्यांनी प्रत्येक पडदा मोठ्याने वाचला. भाषा, कळफलक, घड्याळ, गाव. पाऊण तास लागला. मिटवण्याचा पडदा आला. त्यांनी ते वाक्य वाचले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“मी नाय दाबणार.”

“बाई, आता त्यात काहीच नाही,” मी म्हणालो.

“मागं बी असंच म्हणलं होतं. टेन्शन नका घेऊ म्हणून.”

“ते मी म्हणालो नव्हतो.”

“ज्यांनी म्हणलं, त्यांना कुणी आणलं होतं?”

मी तपासनिसाला शोभेल अशा अंतरावर परत गेलो. छत्तीस वर्षांत माझे एकही वाक्य कोणाला इतके कळले नव्हते की त्यामुळे काम अडावे. येथे अडले होते. दाबल्याशिवाय चाचणी पूर्ण होणार नव्हती, आणि गृहस्थांना व मला त्या कळेला हात लावण्याची मनाई होती. गृहस्थ मात्र खूश दिसत होते. असा प्रसंग आला की ते खूश दिसत.

“मग कोण दाबणार?” मी विचारले.

सुनंदाबाई उठल्या. दाराशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभ्या असलेल्या जाणकाराकडे, दहा दिवसांत प्रथमच, त्यांनी पाहिले. “ह्यांना बसवा. पहिल्यापासून. मोठ्यानं वाचू द्या.”

तो बसला. सुनंदाबाईंनी शेजारी उभे राहून एंटरच्या कळेवर आपला तळवा झाकून धरला. एक पडदा वाचून झाला की तळवा उचलत, पुढचा आला की पुन्हा ठेवत. तो शाळेतल्यासारखा, बोट फिरवत वाचत होता. मराठी वाचायला त्याला अडचण नव्हती. फक्त तसा प्रसंग आला नव्हता. मिटवण्याच्या पडद्यापाशी त्याने वाक्य वाचले. मग पुन्हा वाचले, हलक्या आवाजात. सुनंदाबाईंनी तळवा बाजूला घेतला.

गृहस्थांनी माझी बाही ओढली. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेले होते आणि त्यांना चार हातांवरचे दिसत नव्हते.

“साहेब, हात कुठं हाय?”

“कळेच्या वर.”

“दाबला?”

“नाही.”

“थांबलाय?”

“थांबला आहे.”

जाणकाराने मान वळवली नाही. “काका,” त्याने विचारले, “इंग्लिशमधी बी ह्येच लिवलेलं असतंय?”

“व्हय.”

“दरवेळी?”

“दरवेळी.”

त्याचे बोट कळेच्या वरच राहिले. वीस वर्षे, शहरातील अर्धे संगणक. त्याची बेरीज कोठवर पोहोचली, ते मी विचारले नाही. शेवटी त्याने सुनंदाबाईंकडे पाहिले.

“ताई, दाबू?”

त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचले.

“आता दाबा.”

अहवालातील तो रकाना गृहस्थांनी माझ्याकडून लिहवून घेतला. ‘वापरणारा थांबला. मग ज्यांचे गेले होते त्यांना विचारून पुढे गेला.’ दुसरे वाक्य विषयाला धरून नाही, असे मी सुचवले. त्यांनी ते ठेवायला लावले. अहवाल एक दिवस राखून गेला.

मराठी यादीत आली. त्याचा कोठे सत्कार झाला नाही, कोणा पुढाऱ्याने श्रेय घेतले नाही. यावरून त्या कामाच्या शुद्धतेची कल्पना यावी. सुनंदाबाईंचे कागद मी घरी आणून टंकले, सात महिने, रोज दुपारी. त्यांनी मागितले नव्हते. मला टंकलेखन येते, एवढेच कारण. दर शनिवारी जाणकार येऊन त्याची प्रत काढून नेतो. न सांगता.

गृहस्थ आता पाचोडला मुलीकडे असतात. अक्षर दिसत नाही. नवी आवृत्ती आली की त्यांना ते कोठून कळते, ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी फोन येतो. मागे बाजाराचा गलका असतो.

“साहेब, बघा बरं. हाय का?”

मी पेनड्राइव्ह लावतो. संगणक सुरू होतो. यादी येते, मी खाली खाली जातो. ते पलीकडे थांबलेले असतात.

“आहे.”

“हं,” म्हणतात आणि ठेवून देतात.

जाताना त्यांनी पाट माझ्याकडे ठेवला. पिशवी जड होते म्हणाले. यादी पाहायला बसताना मी तो पायाखाली घेतो. लाकडातून वीज जात नाही, हे पाठ्यपुस्तकात दिलेले आहे. दुसरा अर्थ काढू नये. पत्नी आता कणीक भिजवत नाही.